हे कशावरून?



गेल्या वर्षीची गोष्ट. इतिहासाच्या तासाला मी इतिहासाचार्य राजवाड्यांविषयी सांगत होतो. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात आपल्या धुळ्यातच वारले. पण बोलण्याच्या ओघात मी १९३६ म्हणून गेलो. वर्गाने मुकाट्याने १९३६ लिहून घेतले. पुढे मीच फळ्यावर लिहिले : त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ, १९२७. तेही लिहून घेतले! माणूस हयात असताना त्याचे स्मारक कसे झाले, हे कुणाला खटकले नाही. शेवटच्या बाकावरचा, साक्रीकडचा एक मुलगा तेवढा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “हाई कसं व्हई?” माझ्या कानावर पडले म्हणून बरे. मोठ्याने विचारण्याचा धीर त्याला झाला नव्हता.

आणि हे कुणाच्या बाबतीत व्हावे? राजवाडे तर अस्सल कागद पाहिल्यावाचून कशावर विश्वास न ठेवणारे. गावोगाव दप्तरे धुंडाळून त्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडांनी छापली.

मुलांना विचार करता येत नाही, असे आपण शिक्षक सहज म्हणतो. मला ते पटत नाही. हाच मुलगा बापाबरोबर बैल घ्यायला गेला, तर दात पाहिल्याशिवाय आणि चार पावले चालवल्याशिवाय सौदा होऊ देणार नाही. वर्गात मात्र तो दात पाहत नाही, कारण विचारणाऱ्याला आपण पहिलीपासून आगाऊ म्हणत आलो. मीही म्हटले आहे.

मी हे इतके मनावर का घेतले, तेही सांगतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच माणसे ठार मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरली होती. त्या सुमारास देशभर एक चित्रफीतही फिरत होती : मोटारसायकलवाले रस्त्यातून मूल उचलून नेतात. ती मुळात मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत काढलेली जाहिरात. शेवटी ते मूल परत आणून सोडतात, नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. हजारोंनी ती पाहिली आणि पुढे धाडली.

तेव्हापासून मी प्रसंगी तासाची शेवटची दहा मिनिटे राखून ठेवत असे. त्या १९३६ नंतर ती रोजचीच झाली. एक विधान घ्यायचे, वर्तमानपत्रातले, मोबाईलवरचे किंवा माझेच. कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आणि हे खोटे असते, तर आपल्याला कशावरून समजले असते? पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडले नाही. मग मी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. पहिल्याच चिठ्ठीत होते, “सर, परीक्षेत काय लिहायचे?” प्रश्न रास्त आहे. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही वहीतलेच उत्तर शोधतो, हे मुलांना ठाऊक असते. त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेले नाही.

दुसरीही अडचण आली. एकजण म्हणू लागला, मग काहीच खरे नाही! त्याला मी राजवाडे मंडळात नेले, मोडीतला एक जुना कागद दाखवला. वाचता येईना, तेव्हा गप्प झाला. शंका काढायला क्षण पुरतो, फेडायला लिपी शिकावी लागते. सध्या तो मोडीची बाराखडी गिरवतो आहे.

आणि तो साक्रीचा मुलगा? परवा ओशाळा होऊन भेटायला आला. गावी ओट्यावर थोरल्या काकांनी मोबाईलवर कसलीशी चित्रफीत दाखवली. याने विचारले, “हे कशावरून?” काका उखडले : “कालेजात हेच शिकवतात का? मोठ्यांना खोटं पाडायला?” दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. मी म्हटले, “काकांना खोटं पाडू नकोस. त्यांच्याजवळ बैस आणि दोघं मिळून ती कुठून आली ते शोधा. मोबाईल त्यांच्याच हातात राहू दे.”

या रविवारी तो गावी जायचा आहे. सोमवारी माझा पहिला तास त्याच वर्गावर आहे.