विष बाटलीत किती, अंगात किती?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदाने दिलेले व्याख्यान)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा बहुतेकांचं अर्धं घर गावातच होतं. आजही आहे. वावर आपलं, सातबारा आपला. फवारणी मात्र दुसराच कोणी करतो. आज त्या माणसाविषयी बोलायचं आहे.

2017 च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. पाठीवर पंप, हातातली नळी वर धरलेली. औषध झाडावर पडायचं आणि तिथून तोंडावर, छातीवर.

आमच्या वावरातल्या गड्यालाही तेव्हा उलट्या झाल्या, घाम सुटला, समोरचं धूसर दिसू लागलं. दवाखान्यात त्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासलं. रिपोर्ट आला, ‘नॉर्मल’. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात घालवली, पण तो कागद पाहून मान खाली गेली. सांगतो का ते.

कोलिनेस्टरेज हे शरीरातलं एक विकर. नसांचं काम सुरळीत चालायला ते लागतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी कीटकनाशकं ते निकामी करतात. मात्र ते प्रत्येकाच्या रक्तात जन्मतःच कमी-जास्त असतं, म्हणून ‘नॉर्मल’ची मर्यादा बरीच रुंद ठेवलेली असते. ज्याचं मुळातच जास्त आहे, त्याचं तिसऱ्या हिश्श्याने घसरलं तरी तो नॉर्मलमध्येच दिसू शकतो. गड्याचं घसरलं होतं की नाही, हे त्याचा आधीचा आकडा असता तरच कळलं असतं. तो घेऊन ठेवायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

आपण डब्यावरचा त्रिकोण पाहतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हा रंग औषध किती विषारी ते सांगतो. माणसाच्या अंगात किती गेलं ते सांगत नाही. दिवसभर ओल्या शर्टाने फवारलं तर निळ्या त्रिकोणाचं औषधही महागात पडतं. धोका ठरतो तो दोन्ही मिळून.

अंगात किती गेलं, हे मोजता येतं. कपड्यांवर ठिकठिकाणी कापडाचे तुकडे चिकटवून ते नंतर तपासतात; म्हणजे मांडीवर किती पडलं, छातीवर किती, ते कळतं. हात धुतलेलं पाणी तपासतात, लघवी तपासतात. त्याच हाताने खर्रा घोटून खाल्ला की विष थेट पोटात, हेही त्यातूनच लक्षात येतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1974 पासून फवारणी करणाऱ्या मजुरांचं कोलिनेस्टरेज हंगामाआधी तपासतात. महिनाभर औषधाशी संबंध नसताना घेतलेला आकडा हा त्याचा स्वतःचा नॉर्मल. लाल पेशींतलं प्रमाण त्यापेक्षा 30 टक्के घटलं, की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम देतात. तो आजारी पडायची वाट पाहत नाहीत.

ही तपासणी सगळ्याच औषधांना लागू पडत नाही, हेही सांगतो. पायरेथ्रॉइड गटातली औषधं तिच्यात सापडत नाहीत. आणि मोजणं म्हणजे संरक्षण नव्हे. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणं, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुणं, हे आधी. ते कपडे बहुतेक घरी बायकाच धुतात, त्यांच्या हातालाही विष लागतं.

माझी एकच विनंती. पुढच्या पेरणीआधी आपल्यापैकी ज्याचं ज्याचं वावर आहे, त्याने फवारणाऱ्याचं रक्त आपल्या खर्चाने एकदा तपासून घ्यावं. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी पाठवावा. तो आकडा एका वहीत लिहावा, एक प्रत त्याच्याजवळ द्यावी. मी आता दरवर्षी करतो. आमचा गडी हसून म्हणतो, “भाऊ, पऱ्हाटीच्या आधी माझंच माप घेता!”

घेतलंच पाहिजे. वावराचा हिशेब आपण पैशा-पैशाने ठेवतो, तर माणसाचाही ठेवू.