अंधारखोलीतील किमया



गुंजी-खानापूरकडील जुन्या घरांच्या माजघरात पुष्कळदा एक तसबीर आढळते. आजोबा आणि आजी शेजारी शेजारी, पाठीमागे एकच पडदा. वास्तविक दोघे कॅमेऱ्यासमोर एकत्र कधी बसलेलेच नसतात. एकाच्या निधनानंतर छायाचित्रकाराने दोन निरनिराळी छायाचित्रे कापून जोडलेली असतात, सांधा कुंचल्याने बुजवून त्याची नवी निगेटिव्ह घेतलेली असते. घरच्यांना हे ठाऊक असते. तरी त्या तसबिरीला खोटी म्हणण्यास कुणाची जीभ रेटत नाही.

चलच्चित्राकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके (1870–1944) हेही छायाचित्रकारच होते. गोध्रा येथे त्यांनी स्टुडिओ चालविला. जादूचे प्रयोगही ते करीत. त्यांच्या 'श्रीकृष्ण जन्म' (1918) मध्ये कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागेवर येते. अशा युक्त्यांमागील एक तत्त्व अगदी साधे आहे. काळ्या पडद्यावरून प्रकाश परतत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म मागे फिरवून त्याच जागी दुसरे दृश्य टिपता येते. तत्त्व साधे, पण हिशेब किंचित चुकला की साऱ्या दिवसाचे श्रम वाया!

अमेरिकेतील जेरी उल्समन (1934–2022) यांनी स्थिरचित्रात हेच झाकण्याचे कसब परमावधीस नेले. अनेक एन्लार्जर ओळीने मांडलेले, प्रत्येकात निराळी निगेटिव्ह. एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवायचा आणि नको तो भाग झाकून धरायचा. मग डेव्हलपरच्या तबकात, तांबड्या उजेडात, हवेत तरंगणारे झाड हळूहळू उमटे.

1990 मध्ये 'फोटोशॉप' आले, 1994 मध्ये त्यात चित्राचे थर एकावर एक रचण्याची सोय झाली. त्यातील 'बर्न' या अवजाराचे चिन्ह म्हणजे अंधारखोलीत प्रकाश अडविणारा तोच हात. आता मात्र चूक क्षणात मागे घेता येते, आणि जो माणूस सभेला गेलाच नाही, त्याला पहिल्या रांगेत बसविणेही तितकेच सोपे झाले आहे. माजघरातील तसबिरीत सांधा बुजविलेला असला तरी कुणापासून लपविलेला नव्हता. येथे लपविणे हाच हेतू असतो. हा भेद लहान नव्हे.

फाळक्यांनी 1917 मध्ये चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लघुपटच काढला. आपल्या कारखान्याचे दार त्यांनी प्रेक्षकांना आपण होऊन उघडून दिले. कंसाचे मस्तक उडाले ते त्याच्या पुढच्या वर्षी.