चिमुकल्यांची सहल : आधी परतीची वेळ ठरवा



तूर निघाली, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की आपल्याकडे सहलींचे दिवस येतात. मोठ्या मुलांच्या सहली शाळा काढतात. अंगणवाडीतल्या, बालवाडीतल्या मुलांना मात्र "लहान आहेत अजून" म्हणून घरी ठेवतात, नाहीतर मोठ्यांच्याच गाडीत कोंबतात. मला दोन्ही पटत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सहल वेगळीच काढावी, जवळची काढावी, आणि ती ठरवताना परतीची वेळ सगळ्यांत आधी ठरवावी.

परतीची वेळ आधी का, ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून कळतं. हा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला वाळूवरून चालत तिथं जाता येतं. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. कोकणातली माणसं तिथीवरून हिशोब करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या. त्या वेळेच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नवाच्या आसपास पाणी सर्वांत मागे असतं. पाणी उतरत असताना आत जायचं आणि ते पुन्हा चढायच्या आत बाहेर यायचं. मुलं सोबत असतील, तर त्या दिवसाच्या भरतीचं वेळापत्रक स्थानिक माणसाकडून पक्कं करून घ्यायचं आणि हाताशी भरपूर वेळ राखूनच निघायचं.

आपल्या वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही. पण लहान मुलाच्या अंगातली भूक, झोप आणि उन्हाचा त्रास यांचीही वेळ ठरलेली असते, आणि तीही कुणासाठी थांबत नाही. म्हणून मानोरा-दिग्रस पट्ट्यातल्या अंगणवाडी ताईंना मी बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्राची, पोहरादेवीची सहल सुचवते : साडेनऊला पोचा, साडेबाराला गाडीत बसा. एखादी गोष्ट बघायची राहिली तर राहू द्या.

दिवस निवडताना रामनवमी टाळा. त्या दिवशी पोहरादेवीच्या यात्रेला लाखोंनी भाविक येतात, शिवाय ऊन चाळिशीकडे गेलेलं असतं. 15 फेब्रुवारी, बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती, हाही गर्दीचा दिवस. जानेवारीतला आठवड्याच्या मधला साधा दिवस उत्तम. महामंडळाच्या एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट पडत नाही, तेव्हा पैसे वाचवायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलं बसवू नका.

पोचल्यावर पहिलं काम लघवीचं. मग जगदंबा मातेचं आणि सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन. चपला एका पिशवीत भरून एका मोठ्या माणसाकडे द्या. चाळीस चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधणारं मूल हमखास मागे राहतं. देवाला भोग चढवण्याचा अग्नी पेटलेला असेल, तर धूर येणार नाही अशा बाजूला, लांब उभं राहून दाखवा. आणि प्रसादाच्या खोबऱ्याकडे लक्ष असू द्या. खोबऱ्याचा कडक तुकडा, फुटाणे, शेंगदाणे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि ताईच्या डब्यात ठेवावा. घरी आई खोबरं किसून देईल.

नंतर बंजारा विरासत नंगारा संग्रहालय. 5 ऑक्टोबर 2024 रोजी उघडलेली ही इमारत नंगाऱ्याच्याच आकाराची आहे. बाहेर उभं राहून मुलांना ती नीट पाहू द्या. एवढा मोठा नंगारा कोण वाजवत असेल, हा प्रश्न मुलंच विचारतील. आत तेरा दालनं आहेत. तेरा बघायची नाहीत, एक-दोन पुरे. अंधार आणि मोठा आवाज असेल तिथं काही मुलं रडतात, त्यांना ओढून नेऊ नका. बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे आरसे, कवड्या, रंगीत टाके यांपाशी मात्र बसा. आरशात आपलाच डोळा दिसतो म्हणून एखादी पोर पाच मिनिटं तिथून हलणार नाही. तिला हलवू नका.

इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बंजारा तांड्यावरून येणारी कितीतरी मुलं घरी गोरमाटी बोली बोलतात आणि अंगणवाडीत गप्प राहतात. पोहरादेवीत त्यांना सगळं ओळखीचं असतं. त्यांना पुढे करा, "हे तुझ्या याडीकडं, आईकडं आहे का?" असं विचारा, आणि इतर मुलांना त्यांच्याकडून शब्द शिकू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल असेल तिथं शाळा गेली. आपणही मुलाच्या भाषेपर्यंत जायला हवं.

आता सांभाळण्याचं. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांची असतील तर तिघांमागे एक. माणसं कमी पडत असतील, तर सहल पुढे ढकला. ताईंचा मोबाइल नंबर मुलाच्या मनगटावर पेनानं लिहा. नाव छातीवर लावू नका, कारण अनोळखी माणूसही नावानं हाक मारू शकतो. गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक ठिकाण सोडताना मुलं मोजायची. मोजणाऱ्या बाईच्या हातात फोटोचं काम द्यायचं नाही.

डब्यात पोळी-भाजी, केळी, मुरमुरे. पाणी घरचं उकळलेलं. कुणाला जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा. हे पाणी घोटघोट पाजत राहा. मूल मलूल पडलं, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

आणि पालकांनो, अंगणवाडी ताई आणि मदतनीस दोघींनी हे सगळं पेलणं शक्य नाही. सहलीची चिठ्ठी घरी आली, की सही करून परत पाठवण्याआधी त्या दिवशी घरातलं कोण सोबत जाऊ शकेल ते ठरवा, आणि ताईंना तसं आदल्या आठवड्यात कळवा.