नजरेच्या मंद गतीपासून जनुकापर्यंत : डॉ. नोशिर वाडिया यांची संशोधनसाधना

(कोल्हापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कोल्हापूर ही तालमींची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या या गावात बळकट देहाचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. परंतु दंडाची बेटकुळी कितीही मोठी असली, तरी ती स्वतःच्या बळावर हलत नाही. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशींमार्फत स्नायूपर्यंत पोहोचते, तेव्हाच हात उचलला जातो. या पेशी एकामागून एक नष्ट होऊ लागल्या म्हणजे स्नायू वाळू लागतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, वाणी जड होते आणि अखेरीस श्वासाचे स्नायूही थकतात. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत असते. या व्याधीस मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तिचे निदान झाले आणि ते २०१८पर्यंत जगले. हा विलक्षण अपवाद होय. लक्षणे दिसू लागल्यानंतर बहुतेक रुग्णांच्या वाट्याला तीन ते पाच वर्षेच येतात.

सुमारे दहा टक्के रुग्णांत ही व्याधी घराण्यात चालत आलेली आढळते. तिच्या आनुवंशिक मुळांच्या शोधात मुंबईतील एका मज्जासंस्थातज्ज्ञाच्या निरीक्षणाला मोलाचे स्थान आहे. ते तज्ज्ञ म्हणजे पद्मभूषण डॉ. नोशिर होर्मसजी वाडिया.

डॉ. वाडियांचा जन्म १९२५ साली सुरतेस झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेऊन ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि लंडन हॉस्पिटलमध्ये सर रसेल ब्रेन यांच्या हाताखाली तयार झाले. परदेशात मानाचे स्थान मिळण्याजोगे असतानाही १९५७ साली ते मायदेशी परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जासंस्थेच्या विकारांचा विभाग उभा केला. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

त्या काळी मेंदूचा सीटी स्कॅन नव्हता. जगातील पहिल्या रुग्णाचा स्कॅन लंडनमध्ये झाला तो १९७१ साली. तोवर हातोडी, विजेरी, रुग्णाशी सविस्तर संभाषण आणि तीक्ष्ण नजर हीच वैद्याची आयुधे होती.

त्याच १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. आठवड्याभरात बरा होणारा हा आजार कोणी गंभीर मानला नाही. परंतु त्यानंतर काही प्रौढ रुग्णांचे पाय लुळे पडू लागले. एरवी पोलिओ हा बालकांचा आजार, आणि येथे मोठी माणसे तशाच अवस्थेत येत होती. डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्षाघाताचा त्या साथीशी असलेला संबंध ओळखला आणि १९७३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून तो जगापुढे मांडला.

आनुवंशिकतेच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य याहूनही दूरगामी ठरले. चालताना तोल जाणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे असलेले काही रुग्ण त्यांच्याकडे येत. साधारण माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणार्धात झेप घेते. या रुग्णांची नजर मात्र सावकाश सरकत जाई. डॉ. वाडियांनी या खुणेचा पाठपुरावा केला. घराण्यात आणखी कोणास असा त्रास होता, याची चौकशी झाली. डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा एक स्वतंत्र आनुवंशिक विकार असल्याचे प्रतिपादन केले. वैद्यकीय वाङ्मयात त्याला ‘वाडिया-स्वामी’ हे नावही मिळाले.

पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, या प्रकारच्या विकाराचे जनुक सापडले. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या लिपीत तीन अक्षरांचा एक गट बहुतेकांत बावीस वेळा येतो. तो तेहतीस-चौतीसच्या पुढे गेला की हा विकार उद्भवतो. १९९८ साली डॉ. वाडियांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय घराण्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. नजरेच्या मंद गतीवरून बांधलेले अनुमान जनुकाच्या कसोटीवर उतरले.

कथा येथे संपत नाही. २०१० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲरन गिटलर व नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने दाखवून दिले की, याच जनुकातील तो गट सुमारे सत्तावीस ते तेहतीस वेळा आला, तर मोटर न्यूरॉन डिसीजचा धोका वाढतो. एकाच जनुकाच्या दोन अवस्था दोन भिन्न व्याधींशी जोडल्या गेल्या. या जनुकावर रोख असलेल्या एका औषधाची चाचणी झाली, परंतु लाभ न दिसल्याने २०२४ साली ती थांबली. मात्र १९९३ साली सापडलेल्या एसओडी-१ या दुसऱ्या जनुकाच्या दोषावरील टोफरसेन या औषधास अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. ते या दोषाच्या मोजक्या रुग्णांनाच उपयोगी आहे. तरीही वाट सापडली, हे खरे.

डॉ. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळाले आणि २०१६ साली ते निवर्तले. त्यांच्या कार्यातून समाजाने काय घ्यावे?

ती नऊ कुटुंबे आपली हकीकत सांगती ना, तर हा विकार वेगळा म्हणून ओळखलाच गेला नसता. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या आस्थेने छापले जातात. त्यांत मूळ गाव असते, कुलदैवत असते, पराक्रम असतो, पण आजोबांचे पाय कशाने गेले, हे नसते. मुलीची सोयरीक मोडेल, या भयाने ते झाकले जाते. कोणी त्यास शाप म्हणतो, कोणी देवऋषी गाठतो. जनुकातील दोष हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे आणि तो लपविल्याने पुढील पिढी सुटतही नाही. वैद्याने विचारले असता आजी-आजोबा, काका, आत्या यांच्या आजारांची माहिती निःसंकोच द्यावी. जनुकीय तपासणी मात्र तज्ज्ञांच्या समुपदेशनाखेरीज करू नये. तिचे उत्तर साऱ्या कुटुंबाच्या जीवनावर परिणाम करते.

दुसरे कर्तव्य कार्यकर्त्यांचे. असा रुग्ण ज्या घरी असतो, त्या घरातील पत्नी, सून किंवा मुलगी रात्रंदिवस जागते. कूस बदलणे, घास भरविणे, कफ काढणे यांत तिची वर्षे जातात. शेजारच्या दोघांनी वार वाटून घेऊन रोज तासभर तेथे बसावे, वृत्तपत्र वाचून दाखवावे. रुग्णाला बोलता येत नसले, तरी त्याला सारे समजते, हे ध्यानी ठेवावे आणि त्याच्याशी बोलावे. औषध यावयाचे तेव्हा येईल. हा एक तास आजपासून देता येण्याजोगा आहे.