पोटातल्या नीलांची तपासणी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी पोटावर बोलणार आहे, पण भाकरीच्या अर्थाने नव्हे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. मात्र आजारी कामगारांबरोबर इस्पितळाच्या पायऱ्या पुष्कळ चढलो आहे, आणि माणूस रोगाइतकाच न समजावलेल्या तपासणीला भितो, हे तेथे पाहिले आहे.

आमच्या युनियनमधल्या एका फिटरचे पोट फुगू लागले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘पोटाची डॉपलर सोनोग्राफी’ असे लिहिले. केंद्राच्या दारात ‘येथे गर्भलिंग सांगितले जात नाही’ ही पाटी वाचून गडी परत फिरला. हे बायकांचे काम, असे त्याला वाटले. (ती पाटी १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली लावावी लागते. महाराष्ट्राने तर १९८८ सालीच असा कायदा केला होता.) पुढे कोणी सांगितले, की यात अंगातून वीज सोडतात. झाले! चिठ्ठी दोन महिने खिशात राहिली आणि एके रात्री त्याला रक्ताची उलटी झाली. तो वाचला, पण थोडक्यात.

या यंत्रातून अंगात वीज जात नाही, क्ष-किरणही नाहीत. जातो तो ध्वनी. आपल्या कानाला ऐकू न येणारा. आम्हां कारखान्यातल्या लोकांना ही विद्या परकी वाटू नये. पोलादातली आतली भेग ध्वनीने शोधण्याची यंत्रे कारखान्यांत आधी होती. १९५५ साली ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन रेनफ्र्यू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या बॉयलर कारखान्यात गेले आणि तेथल्या यंत्रावर त्यांनी त्या तपासल्या. डॉपलरचे तत्त्व त्याहून जुने, १८४२ चे. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच लागते, दूर जाणाऱ्या गाडीची खाली उतरते. रक्तावरून परतणारा ध्वनी तसाच बदलतो, आणि त्यावरून रक्त कोणीकडे व किती वेगाने वाहते ते कळते.

आता नीला. आतड्यांचे आणि प्लीहेचे रक्त एका मोठ्या नीलेतून यकृतात जाते. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश तीच पुरवते. दारूने, काविळीच्या विषाणूने किंवा अन्य कारणाने यकृत कठीण झाले, की तिच्यात रक्त तुंबते, मंदावते, कधी उलटेही वाहते. तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या शिरांकडे वाट काढते आणि त्या फुगून फुटतात. आमच्या फिटरचे हेच झाले होते. नीलेत गुठळी असेल तर तीही या तपासणीत दिसू शकते.

तयारीत मुख्य गोष्ट उपाशीपोटी जाण्याची. बहुधा सहा ते आठ तास सांगतात. आतड्यातल्या वायूतून ध्वनी पुढे जात नाही, आणि जेवल्यावर त्या नीलेतला प्रवाह वाढतो, म्हणून मापही फसते. रात्रपाळी करून आलेल्याला पहाटेचा दुधाचा चहा सुटत नाही. मग तपासणी पुढे ढकलली जाते आणि एका कपापायी दिवसाचा रोज जातो. विडीही नको, तिच्या झुरक्याबरोबर हवा पोटात जाते. मधुमेहाच्या माणसाने औषधाचे आधीच विचारून घ्यावे आणि सकाळचा पहिला नंबर मागावा. नेहमीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आत गेल्यावर उताणे निजवतात, पोटावर गार, बुळबुळीत मलम लावतात आणि हातातली मूठ फिरवतात. फासळ्यांखाली ती जरा दाबतात. दुखले तर खुशाल सांगावे. श्वास भरून रोखायला लावतात, कारण त्याने यकृत खाली सरकते. डाव्या कुशीवर वळवतात. अर्धा-पाऊण तास धरून चालावे. मधेच यंत्रातून ‘हुश्श हुश्श’ आवाज येतो. तो तुमच्याच रक्ताचा. पडद्यावर लाल-निळे दिसेल. निळे म्हणजे खराब रक्त नव्हे; साधारणपणे मुठीकडे येणारे लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात.

तपासणाऱ्याचा चेहरा पाहून निदान करू नका. तो माप घेण्यात गुंतलेला असतो. वायूमुळे वा चरबीमुळे ‘नीट दिसले नाही’ असे अहवालात लिहिले, तर त्याचा अर्थ रोग आहे असा नाही. कदाचित दुसरी तपासणी करावी लागेल. मलम पुसून उठलात की जेवायला हरकत नसते. अहवाल चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावा, ‘माझ्या नीलेतला प्रवाह सरळ आहे का?’ असे त्यांना स्पष्ट विचारावे, आणि जुना कागद रद्दीत टाकू नये. पुढच्या खेपेस प्रवाह सुधारला की मंदावला, हे त्याच्याशीच ताडून पाहावे लागते.