राबणारा हात आणि कागदावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात कोणी भाषणाला उभे राहिले की ऐकणारीचा जीव थोडा कासावीस होतो, हे मी जाणून आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही. मंडळाने मला ‘आपल्या भागातील शेती, जंगल, सागर आणि खाणी’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. परंतु त्यातील एकच गोष्ट आज मला आपणांपुढे मांडावयाची आहे. ती अशी की, येथील जमिनीतून, डोंगरातून आणि समुद्रातून जे जे धन निघते त्याला बाईचा हात लागलेला असतो. मात्र त्या धनाच्या कागदावर बाईचे नाव क्वचितच सापडते.

आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख, मध्ये वाडा-विक्रमगडची भातजमीन आणि पश्चिमेस वसईपासून डहाणूपर्यंतची किनारपट्टी. एवढ्या टापूत नागली, वरई, भात, चिकू, केळवे-माहीमचे विड्याचे पान, मीठ, मासळी आणि दगड इतक्या वस्तू पैदा होतात. पूर्वी ठाण्याच्या भूगोलात हे सारे आपण पाठ केले. परंतु या वस्तू कोणाच्या हातून निघतात, हा धडा त्या पुस्तकात नव्हता.

प्रथम डोंगराकडे पाहू. उतारावरचे गवत ही एके काळी येथील मोठी व्यापारी वस्तू होती. पावसाळा सरला की ते कापावयाचे, गाठी बांधावयाच्या आणि मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींसाठी रवाना करावयाचे. हे काम वारली स्त्रीपुरुष करीत, आणि त्यांतील कित्येकांच्या नशिबी वेठ होती. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. त्या लढ्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी प्राणास मुकले. गोदावरीबाईंनी ही हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे; त्याला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयात ते असावे, अशी माझी सूचना आहे. या हकीगतीतून मी एक बोध घेते. ज्या कामाचे वजन होत नाही त्याचे मोलही होत नाही. वारल्यांनी आधी गवत रत्तलांत मोजले, म्हणून पुढे मजुरी रुपयांत मागता आली.

आता आपले काम मोजू. भाताचे पाहा. उन्हाळ्यात पाचोळा, शेण, फांद्या डोक्यावरून आणून राब भाजावयाचा, पाऊस लागला की रोपे उपटून मुठी बांधावयाच्या, गुडघाभर चिखलात वाकून आवणी करावयाची, मग बेणणी, कापणी, झोडणी. यांपैकी बहुतेक कामांत बाईच पुढे असते. नांगर तेवढा पुरुषाचा. तरीही कोणी विचारले, तर तो शेतकरी आणि ती ‘घरकाम करते’! वाड्याच्या कोलम तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, डहाणू-घोलवडच्या चिकूला त्याआधी 2016 साली मिळाले. दोन्ही गोष्टींचा आपणांस अभिमान आहे. परंतु झाडावरून उतरविलेला चिकू धुणे, चीक पुसणे, लहानमोठा निवडून पेट्यांत भरणे, हे सारे बायकांच्या बोटांवर चालते. जव्हार-विक्रमगडकडे अलीकडे मोगऱ्याची लागवड झाली आहे. दादरच्या बाजारात ज्या कळ्या जातात, त्या पहाटेच्या अंधारात खुडणारी बाईच असते. आणि पावसाच्या सुरुवातीला आपल्या स्टेशनाबाहेर शेवळे, कंटोळी घेऊन बसणारी कातकरी किंवा वारली बाई तर आपण सगळ्याच ओळखतो. शेवळे कोठल्या उतारावर उगवतात आणि त्यांची खाज काकडाने कशी मारावी, हे ज्ञान तिच्यापाशी आहे.

किनाऱ्यावर निराळे नाही. सातपाटीचे पापलेट प्रसिद्ध. 2023 साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. समुद्रावर पुरुष जातात, जिवावर उदार होऊन जातात, हे कोणी नाकारीत नाही. परंतु होडी किनाऱ्याला लागली की पुढचे सारे बाईचे. मासळी निवडणे, बोंबील वलांडीवर वाळत घालणे, जवळा पसरणे, टोपली डोक्यावर घेऊन गाडी पकडणे आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून घरात पैसा आणणे. होडीचा परवाना मात्र बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावे, आणि डिझेलवरील कराचा परतावाही होडीच्या मालकाला. टोपलीवर परतावा मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता कोणी म्हणेल, “घर एक, चूल एक, नाव त्याचे असले काय नि तिचे असले काय?” सुखाच्या दिवसांत हे खरे आहे. परंतु आपल्या भागात जमीन आणि पाणी सुखाने जागच्या जागी राहात नाही. ते मागितले जाते. तारापूरची अणुवीज 1969 साली सुरू झाली. पुढे तिच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. सूर्या नदीवर धामणीचे धरण झाले, कालव्यांनी शेते भिजली. आता तेच पाणी नळांतून वसई-विरारकडेही जाते. मोखाड्यात मध्य वैतरणेचे पाणी अडविले ते मुंबईसाठी, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन वणवण करतात. डोंगर फोडून खडी निघते. बुलेट ट्रेन आणि मुंबई-बडोदा महामार्ग यांसाठी जमिनी गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, तर रोजगार येईल म्हणून काहींना आशाही आहे. यांपैकी काय व्हावे आणि काय होऊ नये, यावर आपल्या मंडळातही दोन मते आहेत, आणि ती असावीत. परंतु एका गोष्टीवर दोन मते होऊ नयेत. जेव्हा अधिकारी मोजणीला येतो, तेव्हा तो चिखलात वाकलेली पाठ पाहात नाही. तो कागदावरचे नाव वाचतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचे उदाहरण सांगते. नाव सांगत नाही. तीस पावसाळे त्यांनी एकाच शेतात आवणी केली. यजमान गेले; दुःखात वारसनोंदीचे कोणी मनावर घेतले नाही. पुढे त्या जमिनीतून रस्ता गेला. पैसे आले तेव्हा सातबाऱ्यावर दिरांची नावे होती, त्यांचे नव्हते. दीर दुष्ट नव्हते. “वहिनी, तुमचा वाटा देऊ हो,” असे ते म्हणत राहिले. तो वाटा मिळावयास दोन वर्षे कागद जमवावे लागले, आणि मिळाला तो हक्काने मिळाल्यासारखा नव्हे, उपकारासारखा मिळाला. त्या बाई मला म्हणाल्या, “पैशापेक्षा त्या ‘देऊ हो’चं वाईट वाटलं.”

भगिनींनो, कायदा आज आपल्या बाजूला पुष्कळ सरकला आहे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तो कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही. परंतु जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मनाई करणारी रूढी सिद्ध होत नसेल तर आदिवासी बाईलाही वारसाहक्क नाकारता येणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात दळीची, वनातली जमीन कसणाऱ्या नवराबायकोचा दावा मंजूर झाला, तर पट्टा दोघांच्या नावे द्यावयाचा असतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला बायांचा मोठा मेळावा भरविला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली. 1992 साली शासनानेही नवऱ्याच्या संमतीने त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. आणि भूसंपादनाचा 2013 चा कायदा तर विधवा, घटस्फोटित व टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानतो, आणि जंगल किंवा पाण्यावर पोट असणाऱ्या मच्छीमारांना व वनोपज गोळा करणाऱ्यांनाही बाधितांत धरतो. हे सर्व कागदावर आहे. ते कपाटातून काढणे आपले काम.

“अशाने घर फुटेल,” अशी भीती पुष्कळजणींना वाटते. भाऊ माहेर तोडतील म्हणून आपण हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतो. मी कोणाला भांडा म्हणत नाही. एखादीने समजून-उमजून भावाला वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. परंतु काय सोडतो आहोत हे वाचल्यावाचून केलेली सही म्हणजे मोठेपणा नव्हे. आणि माझा अनुभव असा की, नवरा-सासऱ्यांशी चांगल्या दिवसांत, जेवणखाण झाल्यावर शांतपणे बोलले, तर पुष्कळ पुरुषांना हे पटते. त्यांनाही आपल्या मागे बायकोची परवड नको असते.

तेव्हा या वर्षासाठी मंडळापुढे मी तीन कामे ठेवते. पहिले, प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा वाचावा. तो आता मोबाईलवरही दिसतो. त्यातील नमुना सात हक्काचा आणि नमुना बारा पिकाचा, एवढे ध्यानात ठेवावे. वाचता न येणारीला वाचता येणारीने बसवून दाखवावा. दुसरे, ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथे, दिवस झाले की, दोघीजणींनी जाऊन वारसनोंदीची आठवण करावी आणि लागल्यास तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सोबत जावे. तिसरे, ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यावी असा नियम आहे; ती कागदोपत्री उरकू देऊ नये. खडीची खाण असो, पाणी असो की जंगल, आपल्या जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथील ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन आहे. त्या शब्दात आपला शब्द असला पाहिजे.

आपल्या मंडळाने आजवर शिवणवर्ग चालविले, भिशी चालविली, अडल्या-नडल्या घरी डबे पोचविले. ही तीन कामे त्याच हातांना जमण्यासारखी आहेत. पुढल्या वर्धापनदिनी किती घरांतील सातबाऱ्यांवर बायांची नावे चढली, याचा आकडा चिटणीसबाईंनी अहवालात वाचून दाखवावा, एवढी विनंती करते.