इंग्रजी वाक्यातील ‘येथे’ आणि ‘तेथे’

(पेण व रोहा तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासून शिकविला जात आहे. त्यामुळे इंग्रजी वाक्याची घडण मुलांच्या अंगवळणी पाडण्याचे काम आता प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे. या घडणीतील एक लहानसे, परंतु मुलांना वारंवार अडविणारे प्रकरण म्हणजे स्थलवाचक क्रियाविशेषणे.

‘ती काल येथे आली’ हे वाक्य मुलास इंग्रजीत सांगावयास लावले, तर पुष्कळदा ‘शी येस्टरडे हिअर केम’ असे उत्तर येते. चारही शब्द बरोबर आहेत, भूतकाळही बरोबर आहे. तरी वहीत तांबडी फुली पडते. वास्तविक त्या मुलाने मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. मराठीत आधी काळ, मग स्थळ आणि शेवटी क्रियापद येते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते, त्यानंतर स्थळ आणि शेवटी काळ : ‘शी केम हिअर येस्टरडे’.

हे समजावयास व्याख्येपेक्षा कृती बरी. चार मुलांच्या हाती चार शब्दपट्ट्या द्याव्या व त्यांस प्रथम मराठी क्रमाने उभे करावे. नंतर ‘येस्टरडे’ आणि ‘केम’ या दोघांनी जागांची अदलाबदल करावी. ‘शी’ हलत नाही, आणि ‘हिअर’ही मधल्या आपल्या जागेवरच राहते, हे वर्गाच्या लगेच ध्यानात येते. ‘येस्टरडे’ वाक्याच्या आरंभीही चालते. तसे कोणी लिहिल्यास ते चूक धरू नये.

वाक्यात कर्म असेल तर स्थळाचा शब्द कर्मानंतर येतो. पेणची मुले गणपतीच्या कारखान्यांत शाडूची माती पाहतच वाढतात. ‘त्याने माती तेथे ठेवली’ याचे इंग्रजी ‘ही पुट द क्ले देअर’ असे होते. ‘ही पुट देअर द क्ले’ असे म्हणण्याची सवय आरंभीच मोडावी.

दुसरी अडचण ‘टू’ या शब्दाची. ‘कम टू हिअर’, ‘गो टू होम’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. मराठीत स्थितीसाठी ‘येथे’ व दिशेसाठी ‘इकडे’ असे निराळे शब्द आहेत. इंग्रजीत ‘हिअर’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, म्हणून त्यामागे ‘टू’ लागत नाही. आपणही ‘घराला जातो’ असे न म्हणता ‘घरी जातो’ म्हणतो. ‘गो होम’ मधील ‘होम’ नेमके या ‘घरी’सारखे आहे. ‘स्कूल’ हे मात्र नाम असल्याने ‘गो टू स्कूल’ असे म्हणावे लागते. ‘इकडून’ या अर्थी ‘फ्रॉम हिअर’ असे दोन शब्द लागतात, हेही सांगून ठेवावे.

तिसरी गोष्ट मराठीच्या तासाशी जोडता येते. ‘तो आत गेला’ यात ‘आत’ हे क्रियाविशेषण आहे; ‘तो घराच्या आत गेला’ यात तेच शब्दयोगी अव्यय होते. इंग्रजीत ‘ही वेंट इनसाइड’ आणि ‘ही वेंट इनसाइड द हाउस’ यांत हाच भेद आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यापुढे होती. तेव्हा मराठीचे व्याकरण नीट शिकविणारा शिक्षक इंग्रजीचे अर्धे काम करूनच ठेवतो.

एक अपवाद मुलांना गमतीने सांगावा. रोह्यापासून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो, आणि तो संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. स्थानकात गाडी येताना दिसली म्हणजे ‘हिअर कम्स द ट्रेन’ असे म्हणतात. येथे स्थळाचा शब्द आरंभी येतो व क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. परंतु नामाऐवजी सर्वनाम आले की ‘हिअर इट कम्स’ असे होते.

पहिली-दुसरीत यांपैकी कोणताही नियम नावानिशी सांगण्याचे कारण नाही. ‘कम हिअर’, ‘गो देअर’, ‘लुक अप’, ‘गो आउटसाइड’ अशा आज्ञा द्याव्या, मुलांनी त्या पाळाव्या. मग मुलांनी आज्ञा द्याव्या आणि शिक्षकाने पाळाव्या. शिक्षकास बाहेर पाठविण्याची संधी कोणतेही मूल सोडीत नाही, आणि शब्द आपोआप तोंडी बसतो. नियमाचे नाव चौथी-पाचवीत सांगितले तरी चालते.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष असावे. या दोन्ही तालुक्यांत आगरी, कातकरी, ठाकर समाजांतील पुष्कळ मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे. त्यांना एक वाट शाळेच्या मराठीकडे चढावयाची असते, आणि इंग्रजी ही त्यापुढची चढण. नुसत्या फुलीने अशा मुलाला एवढेच कळते की आपले चुकले; काय चुकले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी ते बोलतच नाही. फुलीऐवजी चुकलेल्या शब्दाखाली बाण काढून त्याची खरी जागा दाखवावी. ‘तुझे शब्द बरोबर आहेत, जागा तेवढी बदल’ हे वाक्य ज्या वर्गात ऐकू येते, त्या वर्गातील मूल पुन्हा हात वर करते.